बिल्टीवर नसलेली नावे

यंदाच्या हिवाळ्यात दोन दिवसांची किरकोळ रजा टाकून मी मुलाला घेऊन नंदुरबारला जाऊन आलो. मुलगा अकरावीला आहे. आजोबांचे घर त्याने लहानपणी पाहिले होते, आजोबांचे काम मात्र कधी पाहिले नव्हते. "पप्पा, आजोबा ट्रकवर होते म्हणजे ड्रायव्हर होते का?" असे त्याने एकदा विचारले, तेव्हा मला माझीच शरम वाटली. आजोबा ड्रायव्हर नव्हते. ड्रायव्हर होते माझे मामा. आजोबा, म्हणजे आमचे दादा, हमाल होते. मामा ज्या गाड्या हाकत, त्यांतल्या कितीतरी गाड्या दादांच्या पाठीवरून भरलेल्या असत. हे पोराला घरात बसून सांगण्यापेक्षा रस्त्यावर नेऊन दाखवावे असे ठरवले आणि धुळ्याहून सकाळच्या एस.टी.त बसलो.

मिरचीचे गाव

मिरचीच्या हंगामात नंदुरबार आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना दिसते. दोंडाईचा मागे पडले की बसमधले लोक खोकू लागतात आणि एकमेकांकडे पाहून हसतात. मिरचीच्या बाजारासाठी नंदुरबारचे नाव देशभर घेतले जाते. शेतकरी ओली लाल मिरची बाजारात आणतो, व्यापारी ती विकत घेतो आणि गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर वाळत घालतो. या माळांना पथारी म्हणतात. उन्हात नुसता लाल रंग पसरलेला असतो. फोटो काढणारे येतात, फोटो काढतात आणि डोळे पुसत निघून जातात.

आम्ही पथारीवर गेलो तेव्हा बायका ओळीने बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. तोंडाला पदर, हाताला कुणाच्या फाटका मोजा, कुणाच्या काहीच नाही. माझ्या आईने हे काम बारा वर्षे केले. संध्याकाळी घरी आली की ती धाकट्या बहिणीला जवळ घेत नसे. पोर रडे, आईकडे हात पसरे, आणि आई दारातूनच आजीला म्हणे, "तुम्ही घ्या तिला, माझे हात तिखट आहेत." मग हाताला तेल चोळायचे, ताक लावायचे, राखेने धुवायचे. तरी आग जात नसे. बहीण आज स्वतः आई झाली आहे, पण ही गोष्ट निघाली की अजून तिच्या डोळ्यांत पाणी येते. मी हे सांगितले तेव्हा मुलगा गप्प झाला. त्याच्या घरी तिखटाचा डबा कुठून भरतो, हे त्याला पहिल्यांदाच कळले असावे.

वाळलेली मिरची पोत्यांत भरायची म्हणजे दुसरी परीक्षा. मिरची वजनाला हलकी आणि आकाराने मोठी. पोते उंच होते, हाताच्या कवेत मावत नाही. ट्रकवर थप्पी लावताना धूळ नाकातोंडात जाते. दादा आणि त्यांची टोळी तोंडाला ओले फडके बांधून काम करीत. गाडी भरून, ताडपत्री ओढून, दोर आवळून झाले की ते सगळे गाडीच्या सावलीत बसून खोकत. तेवढ्यात मामा येत, चाकांवर लाथ मारून हवा पाहत आणि म्हणत, "झाली का दाजी? निघतो मग." गाडी पुढच्या गावाला, टोळी पुढच्या गाडीला. दादांचे एक ठरलेले वाक्य होते, "गाडी पुढे जास, नि हमाल मांगे ऱ्हास."

नाकाच्या गाड्या

धुळे चौफुलीकडून येताना एका गॅरेजच्या मागे मला हवी होती ती गाडी दिसली. जुनी टाटा, पुढे लांब नाक, चाके गेलेली, लाकडी बॉडी कुजलेली. केबिनच्या दारावरचे कमळ अजून थोडे दिसत होते. मुलगा म्हणाला, "हे तर भंगार आहे." मी म्हटले, "याच भंगाराच्या आवाजावर तुझ्या आजीचा स्वयंपाक ठरायचा." मामांच्या गाडीचा हॉर्न वस्तीच्या तोंडाशी वाजला की आजी पातेल्यात एक पेला पाणी वाढवीत असे.

आजच्या मुलांना सर्व ट्रक सारखेच दिसतात. आमच्या लहानपणी लांबून आवाज ऐकून आम्ही गाडी ओळखत असू. मामा पंधराव्या वर्षी, १९६२ च्या सुमारास, क्लीनर म्हणून चढले ते फारगोवर. फारगो आणि डॉज या गाड्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने आपल्या मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होत. बेडफोर्ड बंगालमधल्या हिंदुस्थान मोटर्सची. लेलँड मद्रासची. आणि टाटाची गाडी जमशेदपूरची. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार केला, तो १९६९ साली संपला. तोपर्यंत टाटाच्या गाडीच्या नाकावर जर्मन कंपनीची तीन टोकांची चांदणी असे. म्हणून जुने ड्रायव्हर शेवटपर्यंत त्या गाडीला 'मर्सिडीज' म्हणत. आज मर्सिडीज म्हटले की शेठजींची कार डोळ्यांपुढे येते. आमच्या मामांची मर्सिडीज मात्र गूळ, कापूस आणि मिरची वाहत होती!

या गाड्या चालवणे सोपे नव्हते. स्टिअरिंगला आजच्यासारखी इंजिनाची मदत नसे. वळणावर खांदे भरून येत. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागे, नाहीतर खालून असा कर्रर्र आवाज येई की रस्त्यावरची गुरे बुजत. थंडीत गाडी सुरू होत नसे, तेव्हा क्लीनर पुढून लोखंडी हँडल मारी. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडलेच. घाटात गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा टाकायला क्लीनरने उडी मारायची. इंजिनाची धग पायांना लागे, त्यामुळे मामांच्या नडग्या कायम काळ्या पडलेल्या होत्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, हे मी मुलाला सांगितले. मामा असते तर विश्वास ठेवला नसता.

स्टिअरिंग कोणाच्या हाती

मामा आमच्या वस्तीतले पहिले ट्रक ड्रायव्हर. लायसन मिळाले त्या दिवशी आजीने वस्तीत साखर वाटली. एवढा आनंद कशाचा, असे आजच्या मुलांना वाटेल. त्यासाठी आपल्या खानदेशातच घडलेली एक गोष्ट आठवावी लागते.

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते आणि खानदेशच्या कामगिरीवर आले होते. चाळीसगावला समाजबांधवांनी त्यांना वस्तीत मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनापासून वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देऊ, पण हाकणार नाही, असे ठरले. मग आपल्याच माणसांपैकी एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर टांगा कलंडला, घोडा व टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशात शिकलेला बॅरिस्टर, पण त्याला बसवून लगाम धरायला माणूस मिळत नव्हता. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

वाचकहो, या गोष्टीचा एक अर्थ अन्यायाचा आहे, तो आपण सर्वजण जाणतो. मामा त्यातून दुसरा अर्थही काढीत. ते म्हणत, "आपल्या माणसाला टांगा हाकता येत असता, तर बाबासाहेब पडले नसते. म्हणून हात शिकले पाहिजेत." त्या घटनेनंतर चाळीस वर्षांनी आमच्या वस्तीतल्या एका पोराच्या हाती ट्रकचे स्टिअरिंग आले. तरी वाट सरळ झाली असे नाही. एका गावी माल उतरवताना कुणीतरी आडनाव विचारले आणि मग मामांना पाणी वरून ओंजळीत मिळाले. दहा टन माल त्यांच्या हातून आलेला चालला, पण पेला त्यांच्या हाती चालला नाही. मामा ते पाणी न पिता गाडीत येऊन बसले, एवढे दादांनी मला सांगितले होते. मामा त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

वर्षातला एक दिवस मात्र त्या गाडीचा थाट वेगळा असे. १४ एप्रिलला मालकाकडून गाडी मागून आणायची. आदल्या रात्री वस्तीतली सारी पोरे मिळून ती धूत. केळीचे खांब, निळे झेंडे, मधोमध बाबासाहेबांची प्रतिमा. एरवी जिथे पोती रचली जात, तिथे आमच्या आया-बहिणी नवी लुगडी नेसून उभ्या राहत. दादा त्या दिवशी गाडीवर चढत ते पाठ ताठ ठेवून. मला वाटते, जुन्या ट्रकवर माझा जीव आहे तो त्या एका दिवसामुळे.

हमाली खर्च

आता मुख्य गोष्ट सांगतो. १९९४ सालची. मी दहावीत होतो. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात धान्याची गाडी भरली जात होती. तेव्हा क्विंटलची, म्हणजे शंभर किलोची पोती सर्रास असत. थप्पी घसरली आणि दादांच्या कमरेवर आली. सहा महिने ते अंथरुणावर होते. मामा आणि टोळीचा मुकादम गोदामाच्या मालकाकडे गेले. मालकाने वही पुढे केली आणि म्हटले, "दाखवा यात तुमच्या माणसाचे नाव कुठे आहे." नाव कुठेच नव्हते. अठरा वर्षे ज्या गोदामात पाठ वाकवली, तिथल्या एकाही कागदावर माझ्या वडिलांचे नाव नव्हते. पैसे मिळाले नाहीत. टोळीतल्या माणसांनी वर्गणी काढली, आईने पथारीवर जादा पाळ्या केल्या.

त्या वहीमुळे मी कॉमर्सला गेलो. वही कशी लिहितात ते मला शिकायचे होते. बी.कॉम. झाल्यावर पहिली नोकरी मिळाली तीही नंदुरबारातच, एका दुसऱ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी लिहिण्याची. बिल्टी म्हणजे मालाचा जन्मदाखला. माल पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नग किती, वजन किती, भाडे किती, गाडीचा नंबर, सारे काही त्यावर असते. दिवसाला तीस-चाळीस बिल्ट्या मी लिहीत असे. मिरचीच्या पोत्याचे नाव होते, हमालाचे नव्हते. महिनाअखेर खतावणी लिहायला बसलो की एक खाते येई, 'हमाली खर्च'. तेव्हा मला उमगले. हिशेबाच्या शास्त्रात माझे वडील माणूस नव्हते, ते खर्चाचे एक खाते होते.

मग मी एक साधी दोनशे पानी वही विकत घेतली. रोज संध्याकाळी बिल्टीबुक बंद केले की त्या वहीत तारीख, गाडीचा नंबर, पोत्यांची संख्या आणि ती भरणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहू लागलो. हे कोणी सांगितले नव्हते आणि पगारही वाढला नाही. दोन वर्षांनी हमालीच्या दरावरून वाद झाला. मालक म्हणत इतक्या गाड्या भरल्याच नाहीत. तेव्हा ती वही टेबलावर ठेवली. अकरा माणसांचा फरक चुकता झाला. रक्कम फार मोठी नव्हती. पण मुकादमाने पैसे मोजताना वहीवर बोट ठेवून आपले नाव वाचले आणि पुन्हा वाचले, ते मी विसरलो नाही. दादा तेव्हा काठी घेऊन चालत होते. मी वही त्यांना दाखवली. ते म्हणाले, "माझं नाव टाक की एखाद्या पानावर." मी हसलो आणि विषय टाळला. आज वाटते, तेव्हाच लिहायला हवे होते.

सातपुड्याचा घाट

दुसऱ्या दिवशी आतेभाऊ आम्हाला त्याच्या पिकअपमध्ये तळोद्याकडे घेऊन गेला. प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडली. वाटेत पपईचे मळे लागले. शहादा-तळोदा पट्ट्यातली पपई कागदात गुंडाळून ट्रकने उत्तरेकडे, दिल्लीपर्यंत जाते. तळोदा हे वाहतुकीचे जुने ठाणे. सातपुड्याच्या लाकडाची मोठी बाजारपेठ आणि खानदेशातल्या उत्तम बैलगाड्या बनवणारे गाव, अशी त्याची नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटिअरात आहे. जंगलातले लाकूड खाली यायचे, त्याच्याच गाड्या बनायच्या, आणि त्याच गाड्या उरलेले लाकूड वाहून न्यायच्या. लाकूड तोडणारा भिल्ल आणि पावरा मात्र बहुतेक पायीच चालत होता.

तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. जुन्या गाड्या या घाटात रडत. आज डांबर आहे, तरी वळणे तीच. आतेभाऊ किराणा वर नेतो आणि उन्हाळ्यात आमचूर खाली आणतो. कैऱ्या सोलून, कापून, वाळवून आदिवासी घरांत तो तयार होतो. घाटात समोरून एक पिकअप आली. मागच्या हौद्यात पंचवीस-तीस माणसे उभी, बायका, लेकरे, भांड्यांची गाठोडी. ऊसतोडीला किंवा कुठल्या बांधकामावर निघालेली असतील. मुलगा म्हणाला, "जयंतीच्या ट्रकसारखे दिसते." आतेभाऊने मान हलवली. "तसं नाही, भो. ती आपल्या मनानं चढलेली माणसं. ही पोटासाठी भरलेली." २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप याच घाटात दरीत गेली आणि अनेकांचे प्राण गेले. मालाच्या गाडीत माणूस बसवला की त्याची गणती मालासारखीच होते. पोत्यांची निदान मोजदाद असते. या माणसांची यादी कोणाकडे असते?

नवापूरचा नाका

परतताना आम्ही नंदुरबारहून रेल्वेने नवापूरला गेलो. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. मुलाने एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढला. इथूनच सुरत-धुळे महामार्ग जातो, पूर्वीचा सहा नंबर, आताचा त्रेपन्न. नवापूरच्या सीमेवरच्या नाक्यावर मामांच्या रात्रीच्या रात्री जात. परवाना, वजन, कर, पुन्हा परवाना. गाड्यांची रांग लागे, ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून झोपत.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०१८ पासून ई-वे बिल आले. मी एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या मोबाईलवर ते मुलाला दाखवले. मालाची किंमत आहे, पाठवणारा आहे, घेणारा आहे, गाडीचा नंबर आहे. मुलाने बोट सरकवत खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "गाडी भरली कोणी, ते कुठे आहे?" मी काही बोललो नाही. त्याला उत्तर मिळाले होते.

कायदे झाले नाहीत असे नाही. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतल्या कामगारांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली मांडली आणि ती मंजूर झाली. पण ट्रकची केबिन म्हणजे कारखाना नव्हे. त्यासाठी १९६१ साली मोटार परिवहन कामगारांचा वेगळा कायदा झाला, त्यानेही दिवसाला आठ तास ठरवून दिले. मामांना तो कायदा ऐकूनही माहीत नव्हता. हमालांसाठी आपल्या राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. त्यात मालकाची आणि हमालाची मंडळाकडे नोंद होते, मजुरी मंडळामार्फत मिळते, त्यावर मालकाकडून लेव्ही घेऊन भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार यांची तरतूद होते. दादा १९९४ साली पडले तेव्हा हा कायदा पंचवीस वर्षांचा झाला होता. त्यांची नोंद कोणी केली नव्हती, आणि नोंद मागायची असते हे त्यांनाही कोणी सांगितले नव्हते.

म्हणून माझी आपल्या वाचक कुटुंबांना हात जोडून विनंती आहे. आपल्या घरात कोणी हमाल, क्लीनर, ड्रायव्हर, पथारीवर देठ खुडणारी आई-बहीण असेल, तर घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्यांची वही ठेवावी. तारीख, ठिकाण, गाडीचा नंबर, किती पोती, काय दर, बरोबर कोण होते. रोज पाच ओळी पुरेत. माथाडी मंडळाकडे नोंदणीसाठी टोळीने मिळून अर्ज करावा, एकट्याने जाऊ नये. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी आहे, तीही करून घ्यावी. वहीने पाठीवरचे ओझे कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उद्या कोणी वही पुढे करून "नाव दाखवा" म्हणाला, तर आपल्याकडेही एक वही असली पाहिजे.

विसरवाडी सोडून बस कोंडाईबारीच्या घाटाला लागली तेव्हा अंधार पडला होता. पुढे ट्रकचे लाल दिवे ओळीने चढत होते. ती जुनी दोनशे पानी वही मी पिशवीत आणली होती, मुलाला दाखवायला. बसच्या मिणमिणत्या दिव्यात तो पाने चाळत होता. शेवटी काही पाने कोरी राहिली होती. त्याने पेन मागितले आणि एका पानावर आजोबांचे पूर्ण नाव लिहिले, पुढे 'हमाल', आणि खाली आजीचेही नाव लिहिले, पुढे 'पथारी कामगार'. मग मला विचारले, "तारीख कोणती टाकू?"

मी म्हटले, "आजची टाक."

जयभीम.